भिजलेला युनिफॉर्म
वेखंडाचा वास आला की बोरीवलीच्या आमच्या वॉर्डातलं ते वेखंड लावलेलं तान्हं बाळ आठवतं. जुलाबांनी त्याची टाळू खाली गेली होती आणि सकाळपासून शू झाली नव्हती. दुपारपर्यंत झाली नाही तर आयसीयूत हलवू, असं डॉक्टर म्हणाले होते. "जुलाबात दूध बंदच करतात ना?" आजीने विचारलं. "नाही आजी, जास्त पाजायचं," म्हणत मी सलाईन सांभाळून बाळाला आईजवळ दिलं. नंतर वजनासाठी उचललं, तर गरम धार थेट माझ्या युनिफॉर्मवर आली. "सॉरी सिस्टर," आई ओशाळली. "अगं, सकाळपासून या शूसाठीच थांबलेय मी." आजी डोळे पुसत हसली. हल्ली नव्या नर्सना मी सांगते, जादा युनिफॉर्म आणा आणि भिजलात तर आधी डॉक्टरांना कळवा, कपडे मग बदला.