तारवाल्या काकांचा कान

जगात जे जे काही वाजतं, ते कुणीतरी कुणाला तरी काहीतरी कळवण्यासाठीच वाजतं, यावर आमच्या समोरच्या तारवाल्या काकांइतकी श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. उभी नोकरी त्यांनी तार ऑफिसात ती कट्ट-कडकट्टाची, आखूड-लांब ठोक्यांतून अक्षरं सांगणारी भाषा ऐकण्यात घालवली होती. नोकरी संपली, पुढे तारही बंद झाली, पण त्यांच्या कानांना कुणी निवृत्त केलंच नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या, रिक्षाचे हॉर्न, टँकरचा भोंगा, सगळ्यांतून त्यांना इंग्रजी अक्षरं ऐकू यायची. आमची बेलसुद्धा ते सरळ वाजवत नसत. आखूड, लांब, पुन्हा आखूड अशी वाजवून दारात गंभीर चेहऱ्यानं उभे राहत. "काय वाजवलं सांगा?" मी दरवेळी हरायचे. "आर! म्हणजे निरोप मिळाला. तुम्ही पाठवलेली चटणी पोचली." मागून काकूंचा आवाज यायचा, "साऱ्या दुनियेचं समजतंय यांना. मी तेवढं पीठ संपलं म्हणले, की ऐकू येत नाय."

ती दुष्काळाची वर्षं होती. औरंगाबाद चहूकडून वाढत होतं आणि शहराच्या कडेच्या आमच्या सातारा परिसरात तर रोज नव्या इमारतीचा पाया खणला जाई. येत नव्हतं ते फक्त पाणी. खडी, सिमेंट, मुरूम यांची धूळ भातात, कपड्यांत आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये सारख्याच आपुलकीनं जाऊन बसायची. त्या कॉम्प्युटरवर मी घरबसल्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिका तयार करून द्यायचे. एका सकाळी बटण दाबलं तर पडदा काळाच, आणि सीपीयूच्या डब्यातून एक लांब, दोन आखूड बीप. पुन्हा एक लांब, दोन आखूड. मी घाबरून वायरी हलवत होते, तेवढ्यात काका रस्ता ओलांडून बनियनवरच आले. डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "डी."

"डी म्हणजे?"

"एक लांब, दोन आखूड म्हणजे डी. डी फॉर डिस्प्ले. सरळ सांगतंय बिचारं, तुम्हीच ऐकत नाय."

आम्ही डबा उघडला. आत मूठभर धूळ. पडद्याचं कार्ड काढून ब्रशनं झाडलं, दाबून बसवलं, आणि पत्रिकेवरचा गणपती जसाच्या तसा पडद्यावर हजर झाला. पुढे दुकानदाराकडून मला कळलं की ही खूण डिस्प्लेचीच असते, पण ती ठरवणाऱ्यांचा काकांच्या डीशी काहीएक संबंध नाही. काकांना हे मी कधी सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता, कारण तोवर सगळ्या गल्लीत त्यांची कीर्ती झाली होती. कुणाचाही कॉम्प्युटर वाजायला लागला की काकांना बोलावणं यायचं. कोपऱ्यावरच्या वकिलांकडे तीन आखूड बीप वाजले, तेव्हा काका म्हणाले, "एस. आत सरडा आहे." डबा उघडला तर खरंच आतून शेपटी वळवळली! वकीलसाहेब म्हणाले, "काका, ही तर पाल." काका जराही डगमगले नाहीत. "पाल असती तर पी वाजला असता. हा सरडाच."

एका उन्हाळ्यात माझा पडदा पुन्हा काळा झाला. या वेळी नुसतेच लांब बीप, एकामागून एक. "टी, टी, टी," काका पुटपुटले. मी चहाकडे वळले, तर म्हणाले, "बसा. ते चहा नाय मागत." मलाही आता थोडं कळायला लागलं होतं, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासायची, की झालं. मी स्क्रू फिरवायला लागले, तर काकांनी हात आडवा धरला.

"वाजू द्या जरा."

बराच वेळ ते मान कलती करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्याला हात नाय."

"म्हणजे?"

"तार मारणाऱ्याचा एक हात असतो, सूनबाई. लिहिणाऱ्याचं अक्षर असतं ना, तसा. वैजापूरच्या ऑफिसात माझा दोस्त होता. शेवटचा ठोका ओढायचा. खुर्चीवरून उठायची इच्छाच नाय, असा. संध्याकाळी लाइन मोकळी झाली की आमच्या गप्पा. कापसाचा भाव, पोरांची आजारपणं, सगळं. साहेबाला पत्ता नाय."

"आता कुठं असतात ते?"

"तिथंच. पण पार बहिरा झालाय, डोळ्यांनीही अंधुकच दिसतंय. फोन लावला तर त्याचा पोरगा बोलतो. मग जाऊन करायचं काय? तोंडाकडं बघत बसायचं?"

मी पट्टी घासून बसवली. एकच छोटा बीप झाला आणि पडदा उजळला. "झालं!" मी म्हणाले.

"व्हय," काका म्हणाले. "आता बोलायचं नाय ते."

ते जिना उतरायला लागले आणि मला एकदम सुचलं. मी वरूनच विचारलं, "पण काका, तुम्ही दोघं तोंडानं बोलत होता कुठं?"

काका कठडा धरून तिथंच उभे राहिले.

त्याच आठवड्यात आम्ही एसटीनं वैजापूरला निघालो. काकूंना उन्हाचा त्रास, म्हणून सोबतीला मी. खिडकीबाहेर करपलेली रानं मागं पळत होती आणि काका सारखा इस्त्रीचा शर्ट नीट करत होते. "ओळखलंच नाय तर?" त्यांनी वाटेत मला कितीदा विचारलं असेल.

दोस्त ओसरीतल्या खाटेवर टेकून बसले होते. पांढरी दाढी, नजर कुठंच नाही. काका शेजारी बसले, त्यांचा पंजा हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं ठोके द्यायला लागले. म्हाताऱ्यांनी हात झटकन मागं घेतला. "कौन है? डॉक्टर?" ते ओरडले. त्यांचा मुलगा ओशाळून म्हणाला, "चाचा, त्यांना नाही कळायचं आता." काकांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, आपण उगाच आणलं यांना.

पण काकांनी पुन्हा हात धरला. या वेळी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या. ओठ हलले. मग त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट काकांचं मनगट शोधत आलं आणि ठोके देऊ लागलं. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण शेवटचा ठोका ओढलेला दिसला. "इत्ते दिनां कां था रे तू?" ते ओसरी दणाणेल असे ओरडले आणि दोघंही हसायला लागले. मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकला. मग दुपारभर त्या ओसरीवर कुणी काही बोललं नाही आणि गप्पा मात्र संपेनात.

परतीच्या गाडीत मला राहवेना. "एवढं काय बोलत होतात?"

"धरणात पाणी किती राहिलं, विचारत होता."

"आणि निघताना?"

"निघताना काय, नेहमीचंच. ड्यूटी संपली की म्हणायचो ते. उद्या बोलू."

एवढं सांगून काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला म्हणून मी हंडे घेऊन खाली उतरले, तर समोरच्या फाटकात काका उभे. अंगात कालचाच शर्ट, पुन्हा इस्त्री केलेला. हातात पाण्याची बाटली.

"काका, आज कुठं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय.

"काल सांगितलं ना त्याला, उद्या म्हणून."