चंद्रीचा फोटो

बसा, चहा येतोय तोवर माझी एक फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर सलीम सांगेल, आणि तो तिखटमीठ जास्त लावतो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. मी आणि सलीम, दोघंही कॅमेऱ्याच्या नादानं वाया गेलेले. दोघांकडं एकाच कंपनीचा सेकंडहँड कॅमेरा. फरक फक्त लेन्सचा. त्याची लेन्स जुन्या घडणीची: काम झालं की आत ढकलायची, फोटोच्या वेळी ओढून बाहेर काढायची, फिरवून घट्ट करायची. माझी नंतरच्या घडणीची, कायम बाहेर. या फरकावर मी इतकं बोलायचो की पेठेतली माणसं मला बघून रस्ता बदलायची.

शेजारी तानूकाकी राहायची. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, धार काढायला बसवेना, म्हणून चंद्री म्हैस राधानगरीकडच्या एका पावण्यांना द्यायचं ठरलं. लेकीसारखी वाढवलेली म्हैस हो ती. आदल्या दिवशी काकी दारात आली.

"पोरा, उद्या न्हेत्यात तिला. एक फोटू काढ. मला बघायला तरी ऱ्हाईल."

माझा कॅमेरा नेमका दुरुस्तीला गेलेला. सलीमचा मागून आणला. देताना तो म्हणाला, "लेन्स बाहेर ओढायला इसरू नको बरं का."

"मला शिकवतोस व्हय? या लेन्सची कुंडली मला पाठ हाय."

सकाळी काकीनं चंद्रीला धुतली, शिंगांना तेल लावलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या गळ्यात हात टाकून रडायला लागली. मलाही भरून आलं. आता या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीतून चंद्रीची पापणीसुद्धा स्वच्छ दिसत होती. लेन्स आतच बसलीय, हे खिडकी कशाला सांगेल? मी रोल संपवला. चंद्री टेम्पोत चढली आणि गेली.

फोटो धुऊन आले. एक काळा ढग, त्याला टेकलेला एक हिरवट लुगड्याचा ढग असावा, असं काहीतरी. रंग आपण कल्पनेनं भरायचा, रोल काळा-पांढरा होता.

"आत ठेवूनच काढलास की रं," सलीम म्हणाला.

काकी रोज विचारायची. शेवटी फोटो दिला. तिनं बघितला, पदरानं पुसला, परत बघितला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी तोच कॅमेरा घेऊन एसटीनं राधानगरी गाठली. वाटेतच लेन्स ओढली, फिरवली, हलवून बघितली. पावणं म्हणाले, "चंद्री गोठ्यात हाय. दावू का?"

"काय गरज न्हाय. शेजारची म्हैस मला दावायची व्हय?"

गोठ्यात म्हशींची रांग. एकीनं माझ्याकडं बघून मान हलवली. ओळख पटली म्हटलं. पुढून काढला, बाजूनं काढला, आणि दर फोटोला लेन्स तपासली.

या वेळी काम फक्कड झालं. मोठी प्रत काढून घेतली, चौकटीत बसवली आणि सलीमला साक्षीला घेऊन काकीकडं गेलो. काकीनं चष्मा लावला.

"फोटू झ्याक आलाय. केसनकेस दिसतोय."

"मग? या वेळी लेन्स नीट बाहेर..."

"पर ही कुणाची म्हैस म्हणायची?"

सलीमला चहाचा ठसका लागला.

"एवढ्याशा काचांतला फरक गावभर सांगत हिंडतोस," काकी म्हणाली, "आणि दोन म्हशींतला कळत न्हाय व्हय रं तुला?"

मग तिनं चौकट उघडली, माझा झ्याक फोटो काढून माझ्या हातात दिला आणि तो धुरकट फोटो आत बसवला. "यात दिसत न्हाय," म्हणाली, "पर हाय ती माझी चंद्रीच."

त्या अनोळखी म्हशीचा फोटो अजून माझ्याकडं आहे. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो तोच, काय करता.