बत्तीस-अठरा

विलास मेश्राम माझ्या सेक्शनमध्ये आला तेव्हा आमची बटालियन उत्तरेत होती आणि आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर. मी हवालदार, सेक्शन कमांडर. तो शिपाई, वय बावीस. रिपोर्ट करताना त्याने नंबर, नाव आणि गाव सांगितलं. गाव आर्वी. मी वर्ध्याचा. आपल्या जिल्ह्याचा माणूस मिळाला याचा मला आनंद झाला. तो मी दाखवला नाही.

पोस्टवर गोळी क्वचित चालायची. रोजचं काम ओझं वाहण्याचं. खेचरं खाली एका नाल्यापर्यंत यायची. तिथून रॉकेल आणि रेशन पाठीवर वर आणायचं. प्रत्येकी वीस किलो, दोन तासांचा चढ. सकाळी सातला निघायचं, अकराच्या आत वर. त्यात माझा एक नियम होता. ज्याचा दम सगळ्यात कमी, तो पुढे चालेल, बाकीचे त्याच्या चालीने चालतील. प्रत्येक नव्या पोराला मी हे शिकवलं. विलासलाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालचा एकही माणूस मी गमावला नाही.

एक गमावला तो रिटायर झाल्यावर, इथे, कारंज्याच्या अलीकडच्या डोंगरात.

वर्ध्याच्या सायकल ग्रुपमधली पोरं मला नेहमी विचारतात, की सामान लादून कच्च्या रस्त्याने फिरायचं, सायकल बिनगिअरची, तर पुढे किती दाते आणि मागे किती? मी आकडा सांगतो. तो आकडा मला कुठून मिळाला, ते आज लिहितो.

मी बोरगाव मेघेला राहतो. विलास नायक होऊन रिटायर झाला आणि आर्वीत एका गोदामावर सिक्युरिटीला लागला. वय शेहेचाळीस. दर रविवारी फोन करायचा. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी मला ‘उस्ताद’च म्हणायचा. मीही कधी थांबवलं नाही.

सायकलची कल्पना त्याची. एकदा म्हणाला, "उस्ताद, आपन काश्मीर पाह्यलं, आसाम पाह्यलं. आपला जिल्हा कुठी पाह्यला?" ठरलं की बोरगावहून निघायचं, डांबरी सोडून शेतांमधल्या पांदणीने आणि जंगलकडेच्या वाटांनी कारंज्याला जायचं, तिथून आर्वीला त्याच्या घरी. तीन दिवस. तंबू, शिधा, पाणी सगळं सायकलवर.

सायकली बिनगिअरच्या घ्यायचं मी ठरवलं. आपली काळी माती ओली असो की सुकी, गिअरच्या यंत्रात शिरली की ते अडकतं, आणि खेड्यात ते दुरुस्त करणारा कोणी नसतो. पुढे एक चक्री, मागे एक फ्रीव्हील, एक चेन. मोडायला काही नाही. हा निर्णय बरोबर होता आणि आजही मी तेच सांगेन.

चुकला तो पुढचा. बोरगावच्या सायकल मिस्त्रीने टेबलावर दोन फ्रीव्हील ठेवली, एक अठरा दात्यांचं, एक बावीसचं. पुढची चक्री बत्तीसची. मागे अठरा असलं तर एका पायडलमध्ये चाक पावणेदोन वेळा फिरतं. सपाटीवर सायकल पळते, चढावर गुडघ्यावर जोर येतो. बावीस असलं तर चाक जेमतेम दीड वेळा फिरतं. सपाटीवर पाय उगाच भिरभिरतात, पण ओझं घेऊन चढता येतं.

विलास बावीसचं हातात घेऊन म्हणाला, "उस्ताद, अठरा जड जाईन. सामान बावीस किलो, वरून रेती अन् गोटे."

"काऊन? पाय नाई का तुले?"

"पाय आहेत न. पन चढावर दम लागते आता."

"दम सवयीनं येते. बावीसवर मुंगीसारखे जाऊ आपन. दोघांले अठरा."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, लोड आहे तर वीसतरी टाका."

मी ऐकलं नाही. मी चौपन्न वर्षांचा होतो, रोज तीस किलोमीटर सायकल चालवत होतो आणि मला त्याचा अभिमान होता. मी माझेच पाय गृहीत धरून हिशोब केला. विलासने बावीसचं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "जी उस्ताद."

डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी साडेसहाला निघालो. थंडी होती. शेतांत कापसाची वेचणी सुरू होती, तूर माणसाच्या उंचीची झाली होती. पांदणीत बैलगाडीच्या चाकोऱ्या खोल आणि कडक, मधे भुसभुशीत धूळ. चाक चाकोरीत गेलं की बाहेर काढायला पायडलवर उभं राहावं लागायचं. अठरावर ते जोराचं काम. मला ते आवडत होतं. विलास मागे पडत होता. दहाला मी थांबलो. तो सहा मिनिटांनी आला. बाराला थांबलो, तो अकरा मिनिटांनी आला.

"थकून राह्यला का?"

"नाई उस्ताद. अ‍ॅसिडिटी आहे. काल तिखट खाल्लं."

मी त्याला पाणी दिलं आणि पुढे निघालो. मागे असलेल्या माणसाची मिनिटं मी मोजत होतो. पुढे कोणी चालायचं, हे मला आठवलं नाही.

त्या दिवशीचा मुक्काम ओळखीच्या शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात. साडेपाचला सायकली झाडाला टेकवल्या. चहा झाल्यावर विलासने आपल्या पिशवीतून एक कापडाची पुरचुंडी काढली. तिच्यात बावीसचं फ्रीव्हील होतं, ते काढायचा पाना आणि चेनचे दोन जादा जोड. निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीकडून आणलं होतं. मला न सांगता.

"उस्ताद, इजाजत असन तर आता बदलू का? वीस मिन्टाचं काम आहे. तुमचं राहू द्या, माझंच बदलतो."

मी सायकलीकडे पाहिलं. अंधार पडत होता. खरं कारण अंधार नव्हतं. आपण चुकलो हे मला त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं.

"उद्या एकच चढ आहे," मी म्हणालो. "तो झाला की कारंज्यापर्यंत उतार. कशाले खोलतं? सकाळी पाहू."

"जी उस्ताद."

सकाळी सव्वासातला निघालो. मी तो विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही.

चढ सागवानाच्या जंगलाकडेने होता. लांबी दीड किलोमीटर, मुरूम आणि सुटे गोटे. दहा वाजून वीस मिनिटांनी मी पायथ्याशी होतो. विलासला म्हणालो, "दम धरून ये, वर थांबतो." पायडलवर उभा राहून मी चढलो. दोनदा चाक घसरलं, पण पाय टेकवला नाही. दहा चाळीसला वर पोचलो. छाती भात्यासारखी चालत होती आणि मी खूश होतो. ते मला लिहायलाच हवं.

दहा पन्नासला तो आला नव्हता. सायकल आडवी टाकून मी खाली पळत गेलो.

पाऊण चढावर तो वाटेच्या कडेला बसला होता. सायकल त्याने नीट स्टँडवर लावली होती. चेहरा राखेच्या रंगाचा, शर्ट घामाने भिजलेला, हात थंड. डावा हात उजव्या हाताने धरलेला.

"छाती?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"पायथ्यापासून." मग म्हणाला, "कालपासून."

फोनला रेंज नव्हती. मी त्याला झाडाला टेकवून बसवलं, शर्टाची बटणं सोडली, "बोलू नको, हलू नको," म्हणालो आणि वर पळालो. माथ्यावर एक काडी रेंज आली. अँब्युलन्सला फोन लागला.

"पेशंट एक. पुरुष, शेहेचाळीस. छातीत दुखतंय, घाम, डावा हात. शुद्धीवर आहे."

"लोकेशन?"

मी सांगितलं.

"तिथं गाडी येत नाही. डोंगराखाली डांबरी आहे, शाळेजवळ. तिथपर्यंत आणता येईल?"

"किती वेळात येता?"

"चाळीस मिनिटं."

"आणतो."

डांबरी कारंज्याच्या बाजूला होती. माथ्यावरून चार किलोमीटर, बहुतेक उतार. विलासच्या सायकलचं सामान मी उतरवून झाडाखाली टाकलं. लोखंडी कॅरिअर मजबूत होतं. त्याला कॅरिअरवर बसवलं, त्याचं अंग सीटवर टेकवलं आणि उरलेला चढ ढकलत वर नेलं. अकरा वाजून वीस मिनिटं. माथ्यावर मी सीटवर बसलो, तंबूच्या पट्ट्याने त्याला माझ्या पाठीशी बांधलं आणि ब्रेक दाबत उतरू लागलो. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. श्वास कानाशी ऐकू येत होता. मी श्वास मोजत होतो.

साडेतीन किलोमीटरवर नाला. नाल्यात पाणी नव्हतं, पण पलीकडे शंभर मीटरचा उभा चढाव. मी जोर लावला. पायडल हललं नाही. दोन माणसं आणि बत्तीस-अठरा. बावीस असतं तर हललं असतं का, हे मी तेव्हापासून शेकडो वेळा मनात चालवून पाहिलं आहे. मला माहीत नाही.

सायकल थांबली तसा विलास बोलला.

"उस्ताद, मले उतरवा. चढ आहे. तुमाले ओढनार नाई."

"उतरायचं नाई. ऑर्डर आहे."

"जी उस्ताद."

हे त्याचे शेवटचे शब्द. मी पट्टा सोडला, उतरलो, एक हात हँडलवर आणि एक त्याच्या पाठीवर ठेवून ढकलू लागलो. अर्ध्या चढावावर कापूस वेचणाऱ्या दोन बायांनी पाहिलं आणि कमरेच्या ओट्या सोडून धावत आल्या. एकीने मागून कॅरिअर धरलं, दुसरीने विलासचं डोकं. ती वयस्क बाई ढकलता ढकलता त्याला म्हणत होती, "आलं बाबा, आलं, आता डांबरी आली."

चढाव संपला तेव्हा त्याचा श्वास नव्हता. मी त्याला खाली निजवलं. छाती दाबली, जशी शिकवली होती तशी. बायांपैकी एक डांबरीकडे पळाली. अकरा सत्तावन्नला अँब्युलन्सचा डॉक्टर पायी पळत आला. त्याने तपासलं, मशीन लावलं, पंधरा मिनिटं प्रयत्न केले. मग माझ्या हातांवर हात ठेवला. मी अजून दाबत होतो.

दवाखान्यात सांगितलं की नस जुनीच बंद होत आली होती. खुर्चीत बसला असता तरी झालं असतं. उद्या झालं असतं, महिन्याने झालं असतं. डॉक्टर चांगला माणूस होता. मी ऐकून घेतलं.

आर्वीला त्याला घेऊन अँब्युलन्समधूनच गेलो. विलासची बायको, रंजनावहिनी, दारात उभी होती. बातमी आमच्याआधी पोचली होती. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "भाऊजी, त्याईनं तुमाले सांगतलं नाई का? दोन महिन्यापासून छाती दुखे."

"नाई वहिनी."

"मी म्हटलं, त्याईले सांगा. तर म्हने, उस्ताद कॅन्सल करतीन."

मी तिला सगळं सांगितलं. फ्रीव्हील, मिस्त्री, बगिच्यातली संध्याकाळ. एकही गोष्ट लपवली नाही. तिने पदराचं टोक हातात धरून ऐकलं. शेवटी म्हणाली, "मंग आता हे मले काऊन सांगून राह्यले तुमी? मी काय करू त्याचं?"

 

अंत्यविधीला आर्वी आणि कारंज्याचे सतरा माजी सैनिक मेडल लावून आले. बुद्धवंदना झाली. बिगुल नव्हता. आम्ही लाइनीत उभं राहून सॅल्यूट केला. बटालियनच्या स्मारकावर त्याचं नाव लागणार नाही. ते लढाईत पडलेल्यांसाठी आहे आणि ते योग्यच आहे. फौजेत माणूस गेला की चौकशी होते. हुकूम कोणी दिला, का दिला, हे लिहून घेतात. इथे मला कोणी काही विचारलं नाही. लोक म्हणाले, राऊत हवालदाराने दोस्ताला पाठीवर बांधून आणलं. चहाच्या टपरीवर माझं कौतुक झालं. मी तिथे जाणं सोडलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला चार शब्द बोलायला उभं केलं. समाजभवन भरलं होतं. मी त्याचा नंबर, रँक, नाव सांगितलं, नोकरीची वर्षं सांगितली. मग म्हणालो, "चढ मी ठरवला, चाल मी ठरवली. तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही." मागच्या रांगेत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, साहेबांना धक्का बसलाय. मी खाली बसलो. वहिनी जवळ आली. तिच्या हातात ताट होतं.

"जेवून जाजा भाऊजी," ती म्हणाली. ताट माझ्यासमोर ठेवलं.

पोरांनो, तुम्ही विचारता तो आकडा हा. बत्तीसला बावीस. सामान जास्त असेल तर पुढची चक्रीही लहान करा. पण आधी सोबतचा माणूस किती चढू शकतो ते विचारा, आणि तो ‘जमते’ म्हणाला तरी एकदा त्याच्या मागे राहून पाहा.

विलास थोडा वाकून चालायचा. पोस्टवर बर्फ साचला की सगळ्यांच्या आधी उठून तो पहाऱ्यावरच्या संत्रीच्या खंदकापर्यंतची वाट फावड्याने मोकळी करायचा. ड्यूटी त्याची नसली तरी. मी एकदा विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, "कोनी नाई उस्ताद. पहाटे तुमीच पह्यले निंगता न, पाय घसरन म्हनून." एवढं सांगून तो परत फावडं मारायला लागला. बावीस वर्षांचा होता. तोंडातून वाफ निघत होती.