चकतीला घातलेलं ऑइल

माझ्या बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना, त्याला कारण सायकलीचं ऑइल.

घोडनदीच्या काठावर सगळे पाव्हणे उन्हात उभे. पिंड ठेवून तास झालेला. कावळे होते, चांगले सात-आठ, समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडं बघत होते. मेहुण्यानं हात जोडले, "हिराक्का, दाजींची काळजी करू नगं. आमी हाय." एक कावळा हलला नाही. (मेहुणा काळजी घेईल यावर माझाबी विश्वास नव्हता.) कुणी म्हणालं, तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी ठेवा. ठेवली. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "वहिनीचं कायतरी मनात राहिलंय. आठवून बघा."

आठवायचं काय त्यात. मला तासाभरापासून माहीत होतं. पण शेजारी माझी पोरगी वैशाली उभी होती, आणि तिच्यासमोर ते बोलायचं धाडस होत नव्हतं.

ते कळायला आधी नेपाळ सांगावं लागेल.

माझं शिरूरला सायकलचं दुकान. शिक्षण चौथी, पण तीस वर्षं पंक्चर, ऑइल आणि वाकड्या चाकाचा आऊट काढणं. गावात कुणाची सायकल कुरकुरली की माझं नाव निघायचं. वैशाली पुण्याला कॉलेजात गेली आणि तिथं डोंगरावरनं सायकल खाली सोडायच्या शर्यतीत पहिली यायला लागली. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आबा, नेपाळला शर्यत हाय. माझी निवड झाली."

"चढाची?"

"उताराची."

"मग त्यात काय मोठं? उताराला गाढवबी पळतंय."

"गाढवाला सायकल येत न्हाई, आबा."

हिरा आतनं म्हणाली, "मग ह्यांना कशी येती?"

पोरगी एकटी परदेशी कशी धाडायची, म्हणून आम्ही दोघंबी निघालो. दौंडला गोरखपूरची गाडी धरायची होती. फलाटावर सायकलीचं खोकं बघून एकानं विचारलं, "मामा, काय हाय ह्यात?"

"सायकल."

"कुठं न्हेता?"

"नेपाळला."

"तिकडं सायकली मिळत न्हाईत व्हय?"

"मिळत्यात," हिरा म्हणाली, "पण आमच्या ह्यांनी ऑइल घातलेल्या न्हाई मिळत."

तिला माझा एवढा अभिमान होता.

शर्यतीचा दिवस नेमका दसरा. दसऱ्याला आमच्याकडं पाने, पंप, सगळी हत्यारं पुजायची रीत. परदेशात आलो म्हणून दसरा चुकवायचा नाही, असं हिराचं म्हणणं. दौंडला घेतलेली झेंडूची माळ तिसऱ्या दिवशी चहाच्या चोथ्यासारखी झाली होती, तरी तिनं ती हँडलला बांधली. हळदीकुंकू लावलं. वैशाली बाहेर तिच्या सरांशी बोलत होती. मी सहज चाक फिरवलं.

खर्र. खर्र. खर्र.

चाकाच्या मधोमध बशीएवढी पत्र्याची चकती होती, आणि ती कोरडी ठणठणीत घासत होती. माझ्या जिवाला लागलं. एवढी भारी सायकल आणि एका माणसाला अक्कल नाही. ऑइलची कुपी माझ्या पिशवीत कायम असायची (लग्नातबी नेतो). दोन्ही चकत्यांवर चार-चार थेंब सोडले. आवाज बंद.

हिरा म्हणाली, "तिला इचारलं का?"

"डाक्टर पेशंटला इचारतो व्हय?"

ती चकती म्हंजी ब्रेक होता. मी जन्मभर रबरी गुटक्याचे ब्रेक बसवलेले. ब्रेक चाकाच्या पोटात असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीबी कुणाला विचारलं नव्हतं.

एकेक जण घड्याळ लावून वरनं सुटत होता. आम्ही खाली शेवटाला उभे. वैशाली वळणावर दिसली तवा लोकांनी ओरडायला सुरुवात केली. असल्या वेगानं कुणीच आलं नव्हतं.

"बघ," मी हिराला म्हणालो, "ऑइलचा गुण."

पुढच्या वळणाला बाकीचे वळत होते. वैशाली वळली नाही. बूट जमिनीला घासत ती आखलेल्या पट्टीच्या बाहेर गेली, एका चहावाल्याचं बाकडं घेऊन गेली आणि भाताच्या पेंढ्याच्या गंजीत शिरली. बाहेर नुसतं मागचं चाक राहिलं. ते फिरत होतं. आवाज अजिबात नव्हता.

पट्टी सोडली म्हणून बाद. खांद्याचं हाड मोडलं ते वेगळं.

सरांनी चकतीला बोट लावून बघितलं आणि मान वर केली. "तेल कुणी घातलं?"

मी कुपीची पिशवी पाठीमागं सरकवली. तीस वर्षांचं नाव होतं माझं. वैशाली हात छातीशी धरून आमच्याकडं बघत होती.

"म्या घातलं," हिरा म्हणाली. "पूजेला. आमच्यात घालत्यात."

गोरखपूर ते दौंड वैशाली खिडकीकडं तोंड करून बसली. हिरा संत्रं सोलून तिच्या मांडीवर ठेवत होती, ते तसंच राहत होतं. पोरगी डब्यातनं उठून गेली तवा मी म्हणालो, "सांगून टाकू का?"

"गप बसा. मला तर अडाणीच समजत्यात, मला काय त्याचं. तुमचं दुकान हाय."

मी गप बसलो. ह्या कामाला मला कधी जोर लावावा लागला नाही.

हाड जुळलं, पण वैशालीला परदेशची संधी परत आली नाही. नोकरी लागली, लग्न झालं. दर दसऱ्याला पाव्हणे हिराला चिडवायचे, "वहिनी, तेल जपून बरं का." ती हसायची. मीबी हसायचो. इतकी वर्षं हसलो.

तर घाटावर मी पुढं झालो. हात जोडले आणि भावकीला ऐकू जाईल असं म्हणालो, "हिरे, ऑइल म्या घातलं होतं. तू न्हाई. पोरीसमोर सांगतो. आता जा."

कावळा उतरला. एक नाही, तीन. (त्यांना भूक लागली असंल, देव जाणे.)

मला मान वर करवेना. वैशाली जवळ आली. "मला ठाऊक हाय, आबा."

"कवापासून?"

"पडले तवापासून. आईच्या हाताला खोबरेलाचा वास. चकतीला तुमच्या शर्टाचा वास येत होता."

"मग गाडीत आईशी बोलली का न्हाईस?"

"तोंड उघडलं असतं तर तुमचं नाव निघालं असतं. आईनं दवाखान्यातच शपथ घातली होती, मला कळलंय हे आबांना कळू द्यायचं न्हाई म्हणून."

म्हंजी घरात माणसं तीन, त्यातल्या दोघी मला सांभाळत होत्या, आणि मी समजत होतो की गुपित मी सांभाळतोय.

आता घरी एकटाच असतो. दाराची बिजागरी कुरकुरते. कुपी हाताशी आहे, चार थेंबांचं काम. पण घालायला हात होत नाही. काही बिघडलं तर आता नाव कुणाचं सांगू?