मायच्या कमरेची डबी

वडिलांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. चारठाण्याजवळच्या आमच्या घरात ते आणि माय असे दोघंच असतात. मी परभणीत पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, शनिवारी जिंतूरला गाडी बदलून गावी जातो. माय गोठ्यात किंवा मळ्यात असली तर वडिलांनी तिला बोलवायचं कसं, हा प्रश्न होता. घरात यंत्रातलं कळणारा मी एकटाच, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

वडिलांच्या डाव्या हातात बटण, मायच्या कमरेला छोटी डबी. बटण दाबलं की डबी वाजली पाहिजे. पोरांना मी असली कामं आठवड्यात करून आणायला सांगतो. मला पाच महिने लागले.

सगळं अडलं मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे डबी चालवणाऱ्या चिपवर. पहिली हौसेनं घेतली. वेगवान, वायफाय, ब्लूटूथ सगळं आयतं. दीड दिवसात सेल पिऊन मोकळी व्हायची, आणि डबी रोज चार्जिंगला लावणं मायकडून होणारं नव्हतं. दुसरी अगदी गरीब, वर्षभर सेल पुरवणारी. पण तिला रेडिओ वेगळा जोडावा लागायचा, आणि तो जोडला की आवाज करणाऱ्या बझरसाठी पिन उरत नव्हती. शिवाय सेल वाचवायला ती झोपायची, आणि जाग यायला तिला इतका वेळ लागायचा, की बटणाचा संदेश तोवर निघून गेलेला असायचा. कॉलेजातून आल्यावर चिपांची माहितीपत्रकं, डेटाशीट, वाचून वाचून मी वैतागलो. वीज, वेग आणि जोडण्या तिन्ही एका चिपमध्ये कुणी देत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. सांगायला काय जातं.

बटणाचं सोपं असतं. कुणी दाबेपर्यंत ते खुशाल झोपतं. ऐकणाऱ्या डबीला मात्र दर सेकंदाला दोनदा जागं होऊन कानोसा घ्यावा लागतो. शेवटी एक मधली चिप सापडली. वेग बेताचा, पिना पुरेशा, पटकन जागी होणारी. माझ्या हिशेबानं सेल आठ महिने जाणार होता. खरं सांगायचं तर, सुटलो असं वाटलं.

डबी दिल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी पोचलो तर वडील पलंगाखाली, फरशीवर. बटण मुठीत आवळलेलं. माय आतल्या खोलीत झोपलेली, उशाशी डबी उघडी आणि सेल बाहेर काढून ठेवलेला. वडिलांना उचलून पलंगावर घेतलं. नशिबानं लागलं नव्हतं. मग मी मायवर घसरलो.

"सेल वाचवायला काढलास ना? आठ महिने जातो तो, किती वेळा सांगितलं तुला."

ती उठून बसली, पदर सारखा केला.

"वाचवायला न्हाई काढला," ती म्हणाली. "ती वाजू नाही म्हणून काढला. घटकाभर पडायचं होतं. लय थकले रे."

मला लाज वाटली. डबीनं किती झोपायचं याचा हिशेब मी पाच महिने केला होता, आणि मायला एकदाही विचारलं नव्हतं.

सेल घातला, डबी माझ्या कमरेला लावली. "तू पड आता. मी हाय," म्हणालो. ती आडवी झाली.

थोड्या वेळानं डबी वाजली. मी उठून दारापर्यंत जातो तोवर माय वडिलांपाशी उभी होती.