एक नंबर भट्टीचा काटा

मला कोणी खोटारडा म्हटलं तर एक वेळ चालते. पण माझ्या हातून माल बिघडला म्हटलं की माझं डोकं फिरते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी फिरते. बायको म्हणते, तुमच्या भट्टीपेक्षा तुमचा पारा लवकर चढते. तिचं खरं आहे. पण एकाहत्तरच्या लढाईत तो चढला म्हणूनच मी वाचलो, हेही तितकंच खरं आहे.

जबलपूरच्या फॅक्टरीत मी पॅनेल ऑपरेटर होतो. म्हणजे नेमकं काय, ते कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या शेजाऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट, त्यावर काचेमागे काटे, खाली लाल-हिरवे दिवे आणि बटणं, आणि समोर एक खुर्ची. पलीकडे पोलाद तापवायच्या दोन भट्ट्या. कोणती भट्टी किती तापली ते काटा सांगे, आणि तो लाल खुणेवर धरून ठेवायचा, हे माझं काम. खाली आला की तेल वाढवा, वर गेला की कमी करा, दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडा लिहा. वाचायला सोपं आहे. बसून पाहा म्हणजे कळेल.

बाबा त्याच फॅक्टरीत तीस वर्षं ट्रॉली ओढत होते. आमचं घर मूळचं वर्ध्याकडचं. बाबा इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत फॅक्टरीत भरती होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. माल भरलेली ट्रॉली भट्टीच्या तोंडापर्यंत न्यायची, तापलेला माल बाहेर ओढायचा. त्यांच्या हातांवर केस म्हणून उरले नव्हते. मीही सहा वर्षं तीच ट्रॉली ओढली, मग परीक्षा दिली आणि खुर्चीवर आलो. त्या दिवशी बाबांनी अर्ध्या कांचघरात पेढे वाटले. न्हाव्याकडे दाढी करायला बसले तरी सांगत, "आपला पोरगा आता खुर्चीवर बसून काम करते." मला लाज वाटायची. आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं.

आमच्याकडे दसऱ्याला मशिनींची पूजा होई. त्या दिवशी भट्ट्या थंड, फरशी धुतलेली, आणि घरच्या माणसांना आत यायची मुभा. पॅनेलला हळद-कुंकू लागे, झेंडूचा हार चढे. ज्याच्या हाती पॅनेल, त्यानेच नारळ फोडायचा, असा रिवाज होता. खुर्चीवरचा माझा तो पहिलाच दसरा. बाबा नेमके तापाने घरी पडले होते. समोरच्या फरशीवर फोरमनच्या मुलींनी मोठी रांगोळी काढली होती, ती मोडू नये म्हणून मी मागे गेलो आणि एक नंबर भट्टीच्या लोखंडी कठड्यावर नारळ आपटला. एका दणक्यात दोन शकलं, पाणी चौफेर उडालं. सगळ्यांनी वाहवा केली. मी मिशीला पीळ दिला.

दोन महिन्यांनी लढाई लागली. पाळी बारा तासांची झाली. ब्लॅकआउटसाठी छताच्या काचांना काळा रंग फासला होता, त्यामुळे भर दुपारीही शेडमध्ये दिवे लावून काम चाले. तोफगोळ्याच्या तोंडाशी एक बोटाएवढी पोलादी पिन बसते. ती तापवून तिला पाणी द्यायचं, म्हणजे ती कडक होते. रोज ट्रॉल्यांनी माल येई आणि जाई. कोणी रजा मागत नव्हतं. मागायचं मनातही येत नव्हतं.

आणि एक नंबर भट्टीच्या पिना तडकायला लागल्या. पाण्यात टाकल्या की अंगावर केसाएवढी चीर. तपासणीत एक ट्रे अडकला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या दिवशी शेडचे इंजिनिअर साहेब स्वतः आले. त्यांनी माझी वही चाळली. सगळे आकडे लाल खुणेचे, साडेसातशे डिग्रीच्या आसपास, जसे असायला पाहिजेत तसे.

"अंक सब ठीक हैं और माल सब खराब है," साहेब म्हणाले. "मतलब आप काँटा देखते नहीं, बैठे-बैठे अंक भर देते हैं."

फोरमन बाजूला उभे होते, ते खाली पाहत राहिले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तडक उठलो, एक नंबरच्या झरोक्यातून आत पाहिलं. साडेसातशेला भट्टीचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा असतो. हा संत्र्यावर गेला होता. मी म्हटलं, "साहब, भट्टी ज्यादा गरम है. काँटा झूठ बोल रहा है."

साहेब हसले. "अंधेरे में आग तेज ही दिखती है, भैया."

बोलणं चुकीचं नव्हतं. शेडमध्ये काळोख होता, डोळा फसू शकत होता. काटे तपासायचं यंत्र दुसरीकडे गेलं होतं, यायला आठवडा लागणार होता. साहेबांनी निकाल देऊन टाकला. उद्या दुपारी दोन वाजेपासून पॅनेलवर दुसरा माणूस, आणि मी परत ट्रॉलीवर.

ट्रॉलीची मला लाज नव्हती. त्याच ट्रॉलीने आम्हाला वाढवलं. पण चोरासारखं खुर्चीवरून उठायचं, आणि बाबांनी न्हाव्यासमोर मान खाली घालून बसायचं, हे काही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी एकच विचारलं.

"रंग कसा होता?"

"संत्र्यासारखा."

"मंग काटाच खोटा आहे," ते म्हणाले. "पण तू त्याईच्याशी भांडून काहून राहिला? भांडून काय होते? त्याईच्या डोळ्याले दिसंल असं काही दाखव."

दाखव म्हणणं सोपं होतं. रात्रभर मी कूस बदलत राहिलो, पण काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला डबा उघडला. भाकरी, कांदा, हिरवी मिरची आणि कागदाच्या पुडीत खडेमीठ. पुडी सोडली आणि माझा हात तसाच थांबला. शेजारच्या शेडमध्ये मीठ वितळवून त्यात हत्यारं तापवत. ट्रॉली ओढत असताना मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं: तिथला काटा आठशेच्या पार गेल्याशिवाय मीठ काही पाणी होत नसे. आणि माझ्या दोन्ही भट्ट्या साडेसातशेवर होत्या. निदान काटे तसं सांगत होते.

भाकरी तशीच ठेवून मी फोरमनकडे पळालो. ऐकून ते म्हणाले, "पगला गए हो क्या? जंग चल रही है और तुम भट्टी में नमक पकाओगे?" मी म्हटलं, दोन वाजेपर्यंत पॅनेल माझं आहे, जे होईल ते माझ्या माथी. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "चलो," म्हणाले, आणि स्वतः जाऊन साहेबांना घेऊन आले.

पिना ठेवायच्या दोन लोखंडी वाट्या घेतल्या. दोन्हींत त्याच पुडीतलं मीठ. दोन्ही काटे बरोबर लाल खुणेवर आहेत, हे साहेबांना दाखवलं. मग एक वाटी एक नंबरमध्ये, दुसरी दोन नंबरमध्ये, आणि दारं बंद. अर्धा तास थांबायचं होतं. तेवढ्या वेळात मी किती पाणी प्यालो, मोजलं नाही. मीठ वितळलं नाही तर साहेब बरोबर आणि मी खोटा, इतका साधा हिशेब होता.

आधी दोन नंबरची वाटी काढली. मीठ तापून तडतडलं होतं, पण खडे ते खडेच. मग एक नंबरची. चिमट्यात धरून बाहेर आणली तर आत खडा एकही नाही. मीठ पाण्यासारखं हलत होतं.

साहेबांनी वाटीत पाहिलं. मग काट्याकडे, मग परत वाटीत. चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाले, "एक नंबर में माल डालना बंद करो."

बिजलीवाल्याने पॅनेलपासून तार धरून शोध सुरू केला. काट्यात दोष नव्हता. भट्टीच्या मागे, कठड्याच्या खालीच, एक लहान डबी होती. भट्टीतून येणारी तार तिथे पॅनेलच्या तारेला जोडलेली. झाकण सैलच होतं; काढलं तर स्क्रूवर हिरवा गंज चढलेला, आत नारळाच्या शेंडीचा धागा चिकटलेला आणि कुंकवाचा डाग. गंजाने तार अडत होती, म्हणून काटा कमी दाखवी. काटा कमी दाखवतो म्हणून मी तेल वाढवी. पिना मी स्वतःच जाळत होतो, तेही इमानदारीने, दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहून.

चूप बसलो असतो तर कोणी विचारलं नसतं. नारळ काय, आधीच्या कोणत्याही दसऱ्याचा असू शकतो. आत्ता कुठे जिंकलो होतो, आता काहून हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं? पण तोंड माझं ऐकत नाही, आजवर कधी ऐकलं नाही.

"साहब, यह नारियल मैंने फोड़ा था. दशहरे पर."

साहेबांनी शेंडीचा तो धागा चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"गलती पकड़ी किसने?" साहेबांनी विचारलं.

"मैंने."

"और की किसने?"

"वह भी मैंने."

साहेब हसायला लागले. महिन्याभरात त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. "तो फिर बैठिए अपनी कुर्सी पर. और नारियल बाहर फोड़ा कीजिए."

स्क्रू घासून लख्ख केले, तार जोडली, आणि काटा सरसर वर चढला, खरं बोलायला लागला. मी तेल कमी करत करत त्याला खुणेवर आणलं. संध्याकाळच्या ट्रेमध्ये एकही पिन तडकली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, लढाई संपेपर्यंत नाही. त्या दिवशी नर्मदेवरच्या तिलवारा घाटापर्यंत ओरडत जावं असं मला वाटत होतं. मी नुसता घरी आलो आणि चार भाकऱ्या खाल्ल्या.

पुढच्या दसऱ्याला बाबांना हात धरून फॅक्टरीत नेलं. फोरमनने नारळ माझ्या हाती दिला, आणि अख्खी शेड एका सुरात म्हणाली, "बाहर, भैया, बाहर." मी दाराबाहेर उन्हात गेलो, दगडावर नारळ आपटला आणि प्रसादाची वाटी घेऊन परत आलो.

तोवर बाबा चाचपडत पॅनेलपाशी गेले होते आणि माझ्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही तळवे मांडीवर, पाठ सरळ. मी त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं आणि म्हटलं, "हाच तो, एक नंबरचा."

"आता खरं बोलते का?"

"बोलते."

लोक निघायला लागले. मी म्हटलं, "बाबा, चला आता."

"जाऊ ना बावा," ते म्हणाले. "बसू दे थोडं."

मग मी मागे सरलो, रिकाम्या ट्रॉलीच्या दांड्याला टेकून उभा राहिलो, आणि त्यांना बसू दिलं.