भिंतीवरून येणारी नळी

लातूरला आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं आठ-दहा दिवसांनी, आणि ते खरंच येऊन गेलं की नुसती हवाच आली, यावर बायकांमध्ये वाद व्हायचा. बाकीचे दिवस आमचं घर शेजारच्या मावशींच्या बोअरवर चालायचं. सकाळी लाइट आली की मावशी मोटर सुरू करायच्या, आपला हौद भरून घ्यायच्या आणि मग हिरवी नळी कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्या बाजूला सोडायच्या. खाली आई ड्रम घेऊन तयार असायची. "घ्या ताई, लाजू नका. पाणी काय माझ्या घरचं हाय का?" असं त्या दर वेळी म्हणायच्या.

मावशींचं शेत किल्लारीकडे. मुलगा तिथंच राहून ऊस करायचा. शेतात ऊस डोक्याएवढा उभा आणि इथं मावशी एका बादलीत चार माणसांची भांडी विसळणार. मी एकदा आगाऊपणे तसं बोलून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "उसाला पाणी लागतंच की गं. न्हाई तर तू चहात काय घालशील?" त्या वेळी मी त्यांचाच चहा पीत होते.

माझी नोकरी नांदेडला. तिथं गोदावरी आहे, नळाला दिवसाआड का होईना पाणी येतं. शनिवारी लातूरच्या एसटीत मी दोन कॅन भरून घेऊन चढायचे. कंडक्टर चिडवायचा, "मॅडम, माहेरी जाताना माणसं पेढे नेतात. तुम्ही पाणी नेऊन राहिल्या!" सगळी गाडी हसायची. मीही हसायचे, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा निवृत्त शिक्षक. विज्ञान शिकवायचे. नळी आमच्याकडे आली की ते पेपर घेऊन आतल्या खोलीत जायचे. इतकी वर्षं त्यांनी एकदाही ड्रम धरला नाही. मला तो पुरुषी आळस वाटायचा आणि मी तसं आईजवळ बोलायचेही. एकदा आईचा पाय मुरगळला आणि मी ओल्या केसांनी न्हाणीत अडकले होते. मी आतून ओरडले, "बाबा, आज तुम्ही धरा की." ते भिंतीपाशी गेले. वरून नळीचं तोंड खाली आलं, आणि ते तसेच माघारी फिरले. पाणी अंगणात वाहून गेलं. मी चिडून बाहेर आले तर ते पायरीवर बसलेले.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावात, त्यांच्या लहानपणी, आमच्या माणसांना विहिरीच्या ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता. त्यांची आई घागर घेऊन खाली थांबायची. वर पाणी शेंदणाऱ्या बाईला वाटलं तर ती वरून ओतायची, नाही वाटलं तर ऊन चढेपर्यंत तसंच वर बघत उभं राहायचं. बाबा आईच्या शेजारी असायचे.

"या बाई वाईट नाहीत," बाबा म्हणाले. "लई चांगल्या हायत. पण नळी वरून येते."

त्या दिवशी ठरलं, आपला बोअर घ्यायचा.

पाणाडी आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अंगणभर फिरला. उभा जन्म अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यात घालवलेले आमचे बाबा त्याच्या मागे मागे फिरत होते. नारळ कुठंच उठेना. शेवटी मावशींच्या भिंतीपासून चार फुटांवर तो ताडकन उभा राहिला. पाणाडी म्हणाला, "गुरुजी, हितंच. दुसरीकडं न्हाई." भिंतीच्या पलीकडे, तितक्याच अंतरावर, मावशींचा बोअर होता. बाबांना ते दिसत होतं, मलाही दिसत होतं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कोणी सांगायचं, की एकाच झऱ्याला दोन तोंडं लावली तर काय होतं? मी तोंड उघडलं नाही. मलाही आपला बोअर हवा होता. एसटीतले ते कॅन मला नकोसे झाले होते.

बोअरची गाडी आली, दिवसभर गल्ली धुळीनं पांढरी झाली. साडेसहाशे फुटांवर पाणी लागलं. सगळ्यात आधी मावशी धावत आल्या आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली. बाबांनी ओंजळ भरून गढूळ पाणी तसंच पिऊन टाकलं. त्यांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मावशींच्या मोटरनं आधी गाळ टाकला, मग नुसती हवा. मिस्त्रीनं मोटर वर काढून तपासली. मोटर ठणठणीत होती. नारळ खोटं बोलला नव्हता. तिथं पाणी होतंच, ते मावशींचं होतं.

 मावशी भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मोटर सुरू केली, नवी नळी उचलली आणि भिंतीवरून पलीकडे सोडली. पलीकडे मावशी बादली धरून, मान वर करून उभ्या होत्या. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी झटक्यात नळी ओढून घेतली. आपल्या अंगणात दोन बादल्या भरल्या, फाटकातून बाहेर पडले, वळसा घालून मावशींच्या दारात नेऊन ठेवल्या. मग आणखी दोन. पुढं रोज तेच.

"गुरुजी, ह्या वयात कशाला हेलपाटे मारता? वरूनच सोडा की."

"वरून न्हाई," बाबा एवढंच म्हणायचे.

त्यांना वाटत असेल, आयुष्यभर हे ऋण असं फिटत राहील. ते एक वर्षही चाललं नाही. आमचं बघून गल्लीत आणखी चार बोअर झाले, प्रत्येक आधीच्याहून खोल, प्रत्येकाची मोटर आधीच्याहून मोठी. लाइट आली की सगळ्या एकदम सुरू व्हायच्या आणि डीपी उडायचा. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मोटरनंही गाळ टाकला. बाबांनी ती बंद केली आणि नवी नळी गुंडाळून ठेवली.

आता टँकर येतो. मी गेल्या शनिवारी पोचले तेव्हा तो गल्लीत लागलेलाच होता. टँकरवाला वर चढून जाड पाईप खाली सोडत होता आणि ज्याच्यावर मर्जी त्याच्याकडे वळवत होता. खाली गर्दीत बाबा होते, शेजारी मावशी. दोघांचे ड्रम रिकामे होते. ऊन चढलं होतं आणि बाबा मान वर करून पाईपकडे बघत होते.